स्वयंभू

‘स्वयंभू’ हा शब्द पूर्वी देवांसाठी राखून ठेवलेला होता. शेतात नांगराला अडलेली पिंड, डोंगराच्या कपारीत आपोआप उमटलेला गणपती, अशांना स्वयंभू म्हणत. कारण त्यांना घडवणारा पाथरवट कुणी पाहिलेला नसे. पुढे केव्हातरी हा शब्द देवांकडून कारखानदारांकडे आला. कारण तेच असावं. त्यांचाही पाथरवट कुणी पाहिलेला नसतो. आणि पाहिला असलाच तर स्मरणिकेत त्याचं नाव छापायला जागा उरलेली नसते.

या शब्दाशी माझी गाठ पडली ती १९९२ सालच्या दिवाळीत. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झालं. चिकलठाणा मात्र तेव्हाही चिकलठाणाच होतं आणि आजही आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी हिशेबनीस होतो. बेचाळीस कामगार, अकरा लेथ, दोन शेपर, एक मालक आणि एक संगणक, एवढा आमचा पसारा. मालकांना सगळे अण्णा म्हणत. विमानतळ जवळच. डोक्यावरून विमान गेलं की अण्णा बोलता बोलता थांबत आणि आवाज विरला की वाक्याचा उरलेला अर्धा भाग पुरा करत. १९६७ साली शहरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, एका जुन्या लेथवर त्यांनी सुरुवात केली होती. आता पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात अण्णांचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. हिशेबनिसाकडे का? तर ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’ म्हणून. मथळा अण्णांनीच दिला होता : ‘स्वयंभू’. मथळ्याचा ब्लॉकसुद्धा तयार होऊन आला होता. फक्त चरित्र बाकी होतं.

चरित्रातलं मुख्य वाक्यही अण्णांनीच दिलं होतं : ‘मी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही.’ हे वाक्य ते नोकरी मागायला आलेल्या पोरांनाही ऐकवत. मुकुंदवाडीकडून, आसपासच्या खेड्यांतून पोरं यायची. काय पडेल ते काम करतो म्हणायची. अण्णा विचारत, “आम्हांला कुणी दिलं होतं?” पोरांना याचं उत्तर ठाऊक नसे. ती आल्या वाटेनं परत जात.

तर त्या दिवशी बोनस वाटायचा होता. धनत्रयोदशी दोन दिवसांवर आलेली. बेचाळीस माणसांचा वर्षाचा हिशेब संगणकात. सकाळी मी बटण दाबलं. पंखा घरघरला, ‘पीं’ असा आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर.’

पहिल्या दोन शब्दांचं मला काही वाटलं नाही. या कारखान्यात सिस्टिम नाही, हे आमचे ऑडिटर गेली आठ वर्षं लेखी देत होते. पण मी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. बंद करून दहापर्यंत आकडे मोजले आणि चालू केलं, पुन्हा तेच.

बातमी शॉपमध्ये पोचायला दीड मिनिट लागलं. संगणकाच्या खोलीत चपला काढून यायचा नियम होता. पाच मिनिटांत दाराशी सत्यनारायणाला जमतात तेवढ्या चपला जमल्या. आजारी माणसाकडे आणि बिघडलेल्या यंत्राकडे आपण कधी रिकाम्या हातानं जात नाही. निदान सल्ला तरी घेऊन जातो. वायरमन म्हणाला, अर्थिंग बघा. लेथवरचे मिस्त्री म्हणाले, “तेल कधी घातलं होतं?” स्टोअर-कीपरांनी आवाज खाली आणून विचारलं, “मायकेलअँजेलो तर नसेल?” त्या नावाचा विषाणू त्याच वर्षी सहा मार्चला जगभरचे संगणक पुसून टाकणार, असा वर्तमानपत्रांनी हलकल्लोळ केला होता. प्रत्यक्षात भाकितापेक्षा फारच कमी संगणक पुसले गेले. पण नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं. मला आमच्या अजिंठ्याच्या चित्रकारांचं कौतुक वाटलं. एवढ्या भिंती रंगवल्या, पण कुणाच्या बोनसला हात लावला नाही.

शेवटी पुढे आला तो शिकाऊ पोरगा. आयटीआय झालेला, आमच्याकडे अप्रेंटिस. संध्याकाळी सिडकोत कुठल्याशा क्लासला संगणक शिकायला जाई. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या फटीवरचा खटका वर केला आणि आतून एक फ्लॉपी ओढून काढली. लेबलवर ‘पगार – नक्कल’ असं लिहिलेलं.

“कुणीतरी काल ही आतच विसरलंय,” तो म्हणाला.

सगळ्यांनी शिपायाकडे पाहिलं. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. यंत्रावरची धूळ तेच पुसत.

“म्या हातबी लावला न्हाई,” मामा म्हणाले. पण एकदा सगळ्यांनी मिळून एखाद्याकडे पाहिलं की त्याच्या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही.

पोरानं समजावून सांगितलं. चालू झाल्यावर हे यंत्र आधी फ्लॉपीच्या फटीत डोकावतं. तिथं फ्लॉपी सापडली तर सुरुवात कशी करायची हे तिलाच विचारतं. आमच्या फ्लॉपीत पगाराचे आकडे होते, सुरुवातीची रीत नव्हती.

“म्हणजे माहिती भरपूर, पण सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नाही,” मी म्हणालो. “आमचे मेहुणे असेच आहेत. दोन विषयांत एम. ए.”

पण फ्लॉपी काढूनही यंत्र सुरू होईना. आता ते म्हणू लागलं, की सुरुवात करायला माझ्याजवळ काहीच साधन नाही. पोटात चाळीस एमबीची हार्ड डिस्क होती आणि ती असल्याचंच ते विसरलं होतं. पोरानं झाकण उघडलं. आत एका कडेला प्लॅस्टिकच्या घरात चार पेन्सिल सेल. एकाला पांढरी बुरशी आलेली. वीज बंद असताना तारीख-वेळ आणि आपल्याला कोणती डिस्क आहे, एवढं लक्षात ठेवायला हे सेल असतात, तो म्हणाला. ते मेले की आठवण गेली.

“एवढं मोठं मशिन आणि त्याची आठवण पेन्सिल सेलवर?” अण्णा उद्गारले.

मी गप्प राहिलो. बॅटरी अशक्त झाली आहे, पुढे जायचं तर एफ-वन दाबा, अशी ओळ गेले आठ दिवस रोज सकाळी पडद्यावर येत होती. मी रोज एफ-वन दाबत होतो. डॉक्टरांनी ‘गोड कमी करा’ म्हटल्यावर आपण मान हलवतो ना, तसं.

मामांनी पानपट्टीवरून नवे सेल आणले. पण नव्या सेलनं जुनी आठवण परत येत नाही. ती पुन्हा सांगावी लागते. ती सांगण्यासाठी यंत्राबरोबर एक वेगळी फ्लॉपी मिळाली होती. ती कुठं आहे? अण्णांनी अभिमानानं बोट दाखवलं. ऑफिसातल्या लक्ष्मीच्या तसबिरीखाली.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करत असू. हातोडी, पाना, व्हर्नियर, लेथ, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी गुरुजींनी या फ्लॉपीलाही सोडलं नव्हतं. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते. तबकडीचा उघडा भाग तेवढाच, यंत्र वाचतं तेही तिथूनच. गुरुजींचा अंगठा नेमका तिथंच टेकला होता. पोरानं फुंकर मारून ती आत सरकवली. यंत्रानं भाषणाआधी वक्ता खाकरतो तसा खर्र-खर्र आवाज काढला आणि वाचता येत नाही म्हणून सांगितलं.

“पुसून बघ.”

“कुंकवाबरोबर आतलंबी जाईल, अण्णा,” पोरगा म्हणाला. “दुसरी आणावी लागंल. अशीच मशिन शेजारी तात्यांकडं आहे की.”

खोलीत शांतता पसरली. शेजारचे तात्या आणि आमचे अण्णा यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. भांडणाचं मूळ दोन कारखान्यांमधली भिंत आणि तिच्या कडेचा पावसाळी नाला हे होतं. संगणकसुद्धा दोघांनी एकाच विक्रेत्याकडून एकाच दिवशी घेतला होता, तो दुसऱ्यानं आधी घेऊ नये म्हणून.

“मी आयुष्यात कुणापुढे—” अण्णांनी सुरुवात केली. विमान गेलं. आवाज विरल्यावरही अण्णांनी वाक्य पुरं केलं नाही. बाहेर बेचाळीस माणसं उभी होती.

मग ते पोरावर घसरले. “पण मी म्हणतो, एवढं हुशार मशिन, त्याला स्वतःहून सुरू व्हायला काय होतं?”

“कुठलंच होत नाही, अण्णा. याला बूट होणं म्हणतात. म्हणजे इंग्रजीत म्हण आहे म्हणं, आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचं.”

अण्णांचा चेहरा खुलला. “बघा! म्हणजे मशिनही स्वयंभूच!”

“नाही हो अण्णा, ते थट्टेनं म्हणतात. बूट ओढून कोण वर जातंय? आत एक चिप असती. तिच्यात पहिला धडा कारखान्यातच भरून देतात. त्या धड्याला एवढंच येतं, की तबकडीवरचे पहिले पाचशे बारा बाइट वाच. त्या पाचशे बारांना पुढचं थोडं वाचता येतं, अन् त्या पुढच्याला सगळं. पण पहिला धडा दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो.”

हे त्याच्या क्लासच्या वहीतलं होतं, पण अण्णा खुर्चीत बसले.

शेवटी मी गेलो. फाटकातून बाहेर, वीस पावलं, दुसऱ्या फाटकातून आत. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि स्वच्छ पाकिटातली फ्लॉपी काढून दिली. पाकिटावर हार्ड डिस्कचा नंबर बॉलपेननं लिहिलेला : १७. तात्यांच्या कारखान्यात सिस्टिम होती.

“नक्कल करून घ्या,” ते म्हणाले. “मूळची आणून द्यायची घाई नाही.” मी दाराशी पोचल्यावर ते मागून म्हणाले, “आणि त्याला म्हणावं, सदुसष्ट सालचा चक होता, त्याचीही मी घाई केली नव्हती.”

लेथ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लेथला तोंडाशी चक असतो. लोखंडाचा जॉब त्याच्या जबड्यात पकडायचा आणि फिरवायचा. चक नसेल तर लेथ नुसता गरगर फिरतो, काम काही करत नाही. अण्णांनी जुना लेथ घेतला तेव्हा त्याला चक नव्हता आणि घ्यायला पैसेही नव्हते. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. चरित्रासाठी अण्णांनी दिलेल्या सत्तावीस पानांच्या टिपणात सगळं होतं. त्यांच्या लहानपणच्या गोवराची तारीखसुद्धा होती. फक्त चक नव्हता.

पोरानं तात्यांची फ्लॉपी घातली. यंत्र जागं झालं आणि त्यानं तारीख दाखवली : १ जानेवारी १९८०. आठवण गेलेलं असं यंत्र त्या दिवसापासून पुन्हा जगायला सुरुवात करतं. पोरानं खरी तारीख भरली, १७ आकडा भरला, फ्लॉपी काढून यंत्र परत चालू केलं आणि चाळीस एमबी हळूहळू ओळखीचं हसले. बेचाळीस नावं होती तिथं होती.

मी तात्यांचा निरोप सांगितला. अण्णांच्या चहावर साय धरली.

“तो चक मी परत केला होता,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “दोन वर्षांनी.” मग आणखी थोड्या वेळानं, “भाडं नव्हतं मागितलं त्यानं.” आणि एकदम चिडून, “पण लेथपुढे रोज अठरा तास उभा मी होतो! तात्या नव्हता!”

हे अगदी खरं होतं. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. मी त्या रात्री घरी बसून हिशेब केला. हिशेबनिसाला दुसरं काय येतं? चाळीस एमबीत पाचशे बारा बाइट म्हणजे ऐंशी हजारांत एक. अण्णांच्या पंचवीस वर्षांच्या घामात तात्यांचा चक तेवढाच असेल. ऐंशी हजारांतला एक भाग कुणी स्मरणिकेत छापतं का? बरं, छापायचाच तर थांबायचं कुठं? तात्यांना कुणीतरी हात दिला असेल, त्या कुणाला आणखी कुणी. चक ओतणारा आहे, त्याचं लोखंड खणणारा आहे. आभारप्रदर्शनातच स्मरणिका संपायची. शिवाय चक पुष्कळांना मिळतो. सगळ्यांचे काही कारखाने होत नाहीत.

ही सगळी बाजू मी अण्णांच्या वतीनं मांडली आणि मला ती पटतही होती. मग मला पाणचक्की आठवली. पाहुणे आले की आम्ही त्यांना पाणचक्की दाखवायला नेतो. एके काळी तिथलं जातं पाण्याच्या जोरावर फिरे आणि दर्ग्यावर येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी दळण निघे. पाहुणे म्हणतात, वा, आपोआप फिरायचं! पण ते पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून मैलोगणती येई. नळ जमिनीखाली, म्हणून चक्की आपोआप. आपलं प्रत्येकाचं तसंच असतं. धान्य आपण दळलेलं असतं, त्यात खोटं काही नाही. फक्त नळ दिसत नाहीत.

आणि नळ दिसले नाहीत तर बिघडलं कुठं? तात्यांचं काही बिघडलं नव्हतं. त्यांना आभार नको होते. हवे असते तर त्यांनी पंचवीस वर्षं वाट पाहिली नसती. मग मला फाटकावरून परत जाणारी पोरं आठवली. ‘आम्हांला कुणी दिलं होतं?’ बिघडत होतं ते इथं. आपण आपोआप सुरू झालो असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला दुसऱ्याचं सुरू न होणं हा आळस वाटतो. यंत्र बंद पडलं की आपण झाकण उघडून सेल बघतो. माणूस अडला की झाकण न उघडताच निदान करतो.

आपल्याकडे जुन्या लोकांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणं सांगितली. त्यातली खुबी माझ्या हिशेबी डोक्याला फार उशिरा कळली. या खात्यांत ज्याचं त्याला परत करायचंच नसतं. ऋषींचं ऋण ऋषींकडे नेऊन भरत नाहीत. आपण शिकतो आणि शिकवतो तेव्हा ते फिटतं. जमेची बाजू मागच्या पानावर आणि खर्चाची पुढच्या. ऑडिटर अशा खात्याला सिस्टिम नाही म्हणेल, पण जग त्यावरच चाललेलं दिसतं. पुढे मी वाचलं, की १९७५ सालच्या अल्टेअर नावाच्या संगणकाला पहिला धडा माणसानं खटके वर-खाली करून हातानं द्यावा लागे, आणि यंत्र बंद केलं की तो पुसला जाई. पुन्हा चालू केलं की पुन्हा पहिल्यापासून. आता नातवाचा फोन डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतो. पण त्याच्याही आत कुठंतरी कुणी दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तो पहिला धडा असतोच.

बोनस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाटून झाला होता. यादी संपली तेव्हा शिकाऊ पोरगा दाराशी उभा होता, यंत्राचं झाकण स्क्रूनं बसवत. त्याचं नाव यादीत नव्हतं. असणारही नव्हतं : बोनसच्या १९६५ च्या कायद्यात कामगाराच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार वगळलेले होते. मी हे अण्णांना कायद्याच्या कलमासह सांगितलं. अण्णांनी खिशातून पाकीट काढलं, काही नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि पोराच्या हातात दिल्या.

“मला बोनस लागू नाही, अण्णा,” पोरगा म्हणाला. “साहेबांनी आत्ताच सांगितलं.”

“बोनस नाही तो,” अण्णा म्हणाले. “चक आहे.”

पोराला काही कळलं नाही. लेथच्या चकचे पैसे आपल्याला कशाला, असा चेहरा करून तो गेला.

स्मरणिका निघाली. मथळा ‘स्वयंभू’च राहिला, ब्लॉकचे पैसे पडले होते. मात्र मुख्य वाक्य अण्णांनी स्वतःच्या हातानं खोडलं आणि तिथं लिहून दिलं : ‘पहिला चक शेजाऱ्यांचा होता.’ तात्या समारंभाला आले, दुसऱ्या रांगेत बसले, जेवून गेले. नाल्याचं भांडण पुढच्या पावसाळ्यात पूर्ववत सुरू झालं. नोकरी मागायला येणाऱ्या पोरांना अण्णा त्यानंतर नोकऱ्या देऊ लागले असं नाही, पण “आम्हांला कुणी दिलं होतं?” हे विचारणं मात्र बंद झालं. ते विचारत, “काय येतं तुला?” यातला फरक फाटकाबाहेर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता माझ्या खात्यातली एक नोंद उरते. ती फ्लॉपी. लेबलवरचं ‘पगार – नक्कल’ हे अक्षर कुणाचं होतं, हे त्या गर्दीत कुणीच पाहिलं नाही. अक्षर चांगलं होतं. आदल्या संध्याकाळी बस चुकेल म्हणून घाईत मीच ती आत विसरून गेलो होतो. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं तेव्हा मीही पाहिलं. नजर चुकवायची तर सगळे बघतात तिकडे बघणं सोपं पडतं. अण्णांना चक कबूल करायला पंचवीस वर्षं लागली, मला हे लिहायला त्याहून जास्त लागली. त्या दिवाळीला मी मामांच्या घरी चकल्यांचा एक डबा जास्तीचा पोचवला. एवढ्या चकल्या कशासाठी, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.